साक्षीची पिलं

शेलूच्या पारूबाईला ओळखत नाही असा माणूस त्या काळी वांगणीपासून नेरळपर्यंत शोधून सापडला नसता. अंगानं धिप्पाड, चालणं तरातरा, आणि आवाज तर विचारूच नका. ती बांधावर उभी राहून नवऱ्याला हाक मारायची, तेव्हा रुळांवर काम करणारी सगळी गँग मान वर करून बघायची. काखेत बुरडाची टोपली, टोपलीवर फडकं आणि फडक्याखाली चिवचिवाट. कोंबडीची नव्हेत हं, बदकाची पिलं! तिला लांबून बघितलं की पारावरची रिकामटेकडी मंडळी म्हणायची, "आली रं आली बदकवाली. आज कुनाच्या घराची नाडी बघनार?" पारू काय ऐकून घेणार? जागच्या जागी थांबायची. "तुज्याच घराची बघते. चल, दार उघड." मग सगळे चिडीचूप.

थट्टा करा हवी तेवढी, पण काम तिचं तेच होतं. आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी कुठं नसते, सांगा बघू. चपलांवर असते, लोणच्याच्या बरणीत असते, पेटीतल्या शालूवर भुरी धरते, भिंती तर हिरव्यागार होतात. पुसली की झालं, असं बायका म्हणतात, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. पण एखाद्या घरात ती नजरेआड कुठंतरी बसते, आणि तिची जातच अशी असते की तिचं विष धान्यात उतरतं, धुळीबरोबर हवेत उतरतं. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. घरातलं म्हातारं खोकत राहतं, तान्हं सुकत जातं, आणि माणसं म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं. बाहेरचं कसलं बोडक्याचं! आतलंच लागलेलं असतं. ते आतलं हुडकून काढायचं, हे पारूबाईचं काम.

ही विद्या तिला मिळाली फार्मवर. नेरळच्या अलीकडे तेव्हा कोंबड्या-बदकांचा एक खासगी फार्म होता आणि पारू तिथं पिलांच्या खोलीवर होती. बहात्तर सालच्या पावसात तिथली बदकाची पिलं पटापट मरायला लागली. चोची उघड्या टाकून धापा टाकायची आणि मान टाकायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पाणी बाधलं. फार्मचे डॉक्टर देशावरचे, अबोल माणूस. त्यांनी मेलेलं पिलू चिरून पारूला फुप्फुस दाखवलं. त्यावर खसखशीएवढे पिवळे दाणे होते. मग त्यांनी पिलांखालचा भुसा हातात घेऊन चुरगाळला, तर हिरवट धूर निघाला.

"बुरशी," डॉक्टर म्हणाले. "आणि तिकडची ती पेंडही फेकून द्या. तिच्यातही तिचं विष असणार. बदकाच्या पिलाला हे सगळ्यांत आधी कळतं, पारूबाई. आपल्याला कळायच्या आत ते मरतं."

"साहेब, पिलू मरतंय तितं मानसाचं काय व्हतंय?"

"मोठं माणूस चिवट असतं. पण तान्हं मूल म्हणजे पिलूच की."

हे वाक्य पारूच्या डोक्यात घर करून बसलं. तिनं डॉक्टरांचा पिच्छाच पुरवला. शेवटी त्यांनीच तिला रीत घालून दिली. सहा पिलं घ्यायची, एकाच दिवशी फुटलेल्या अंड्यांतली. तीन संशयाच्या खोलीत ठेवायची आणि तीन त्याच घरात दुसरीकडे. दाणा एक, पाणी एक, टोपल्यासुद्धा सारख्या. खोलीतली धापा टाकायला लागली आणि दुसरी ठणठणीत राहिली, तर दोष खोलीत. ह्या दुसऱ्या तिघांना डॉक्टर काहीतरी इंग्रजी नाव सांगायचे. पारू त्यांना म्हणायची साक्षीची पिलं. आणि मेलेलं पिलू फेकायचं नाही, डॉक्टरांकडे आणायचं, हा शेवटचा नियम.

पहिला मान मिळाला नेरळच्या आबाजी दुकानदाराला. दुकानामागच्या खोलीत झोपायचा आणि वर्षभर खोकायचा. पारूच्या पिलांनी आठवड्याच्या आत निकाल दिला. फळीमागं भुईमुगाच्या पेंडीची दोन पोती विसरून राहिली होती, आतून पार काळी पडलेली. पोती गेली, खोकलाही गेला. आबाजी मूळचा बडबड्या, त्यात दुकानदार. त्यानं तेलमिठाबरोबर पारूचं नावही गावोगाव पोचवलं. लोक आपण होऊन बोलवायला लागले.

पण बोलावणं आलं म्हणून पारू कुणाकडेही धावत जात नसे. तिची अट होती. तिचे वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची पोर होती. घरातले जुने देव त्यांनी उल्हास नदीत सोडले आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, "हितनं फुडं कुनाच्या मागल्या दारात उभं राहायचं नाय. काम आसंल तर फुडल्या दारानं जायचं. नसंल तर घरी बसायचं." पारू ते विसरली नाही. ज्यांच्या अंगणाच्या कडेला तिची आई ओंजळ पसरून पाणी प्यायली होती, त्यांच्याच घरात ती पुढच्या दारानं शिरायची, ओटी ओलांडायची, खोली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच टोपली ठेवायची. काहींनी नाकं मुरडली. त्यांना ती सरळ सांगायची, "मंग ऱ्हाऊ द्या. खोकत बसा."

शहात्तर सालच्या भादव्यात पोशीरचा कमळाकर फार्मवर आला. अंबरनाथला कारखान्यात कामाला होता, पँट-शर्टातला माणूस. पोशीरातलं पहिलं स्लॅबचं घर त्याचंच. जुनं कुडाचं घर पाडून त्याच जागी बांधलेलं. बोलायला लागला आणि मध्येच थांबला. त्याचं पहिलं मूल गेल्या वर्षी गेलं होतं. बायकोच्या माहेरी जन्मलेलं, चांगलं बाळसेदार. पावसात सासरी आणलं आणि खोकायला लागलं ते दिवाळी बघितलीच नाही त्यानं. आता दुसरा मुलगा. बाळंतपण इथंच झालं होतं, त्याच नव्या खोलीत. दोन महिन्यांचा झाला नाही तोवर तसाच खोकतोय.

"दवाखान्यात नेला. औषधानं दोन दिवस बरा ऱ्हातो," कमळाकर म्हणाला. "आणि आई म्हनते, चंद्रभागेचा पायगुनच वाईट. पांढऱ्या पायाची हाय, पोरं खाते. पारूबाय, मला नाय पटत. पन माज्याकडं दुसरं उत्तर बी नाय."

पारूचं रक्त तापलं. "पोरं खाते म्हनं! उद्या सकाळी येते मी."

कमळाकरची आई विठाबाई ओटीवरच उभी होती. अंगाबांध्यानं किरकोळ, पण घर तिच्या मुठीत. नवरा तरुणपणी गेला, हिनं एकटीनं भातशेती सांभाळली, मुलाला शिकवलं. तिनं पारूकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मागल्या दारानं ये गं पारू, गोठ्याकडनं. खोली तिकडनंच जवळ पडते."

"जवळ काय नि लांब काय, काकी, मला चालायची सवय हाय," पारू म्हणाली आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

विठाबाईनं मुलाकडे बघितलं. कमळाकर खाली बघत होता, पण हलला नाही. "ये बाई," विठाबाई म्हणाली आणि बाजूला झाली.

काय वाटलं असेल पारूला! पोशीरचं ते घर म्हणजे तिच्या आईनं जन्मभर लांबूनच बघितलेलं. ती ओटी ओलांडून आत गेली तेव्हा तिची छाती दोन इंच फुगली होती, हे खोटं कशाला बोला. खोलीत चंद्रभागा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. विशी-बाविशीची पोर, गालफडं बसलेली. पारूनं भिंती चाचपल्या, पलंगाखाली वाकून बघितलं, फळीवर हात फिरवला. भिंत पावसानं गार होती, पण नुकती पुसलेली. पलंगाच्या उशाशी कोपरा रिकामा होता. पाळण्यासाठी मोकळा केला असेल, असं तिला वाटलं. तिनं तीन पिलांची टोपली तिथंच ठेवली.

"ही दुसरी तीन माजघरात ठेवायची," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"तू नको तसदी घेऊस, मी ठेवते," विठाबाई झटकन म्हणाली. टोपली उचलून ती आत गेलीसुद्धा.

आता बघा, पारूचा नियम काय होता? जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. आबाजीकडे बघितली, सगळ्यांकडे बघितली. इथं मात्र पुढच्या दारानं आल्याच्या आनंदात ती तेवढ्यावरच खूश राहिली. म्हातारीनं एवढं केलं, आता माजघरात तिच्या देवापर्यंत कशाला जायचं, असा मोठेपणाही तिनं मनातल्या मनात दाखवला. चंद्रभागेनं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होती. सासू परत आली आणि ते तोंड मिटलं. पारूनं तेही बघितलं आणि सोडून दिलं.

आठवड्यानं ती परत गेली. खोलीतली पिलं बघून कुणालाही हसू आलं असतं. टुमटुमीत झालेली, टोपलीतून माना बाहेर काढून नुसता गोंगाट. बाळाचा खोकलाही उतरला होता. "देवाला साकडं घातलंय मी," विठाबाई म्हणाली. मग तिनं साक्षीची टोपली आणली. दोन पिलं मेलेली, ती पुरून टाकली होती. तिसरं चोच उघडी टाकून धापत होतं.

"हे काय?" पारू म्हणाली.

"मांजरीनं धरली गं. त्यात गारठा."

पारूनं मान हलवली. सगळ्यांच्या देखत ठणकावून सांगितलं, "खोली साफ हाय, काकी. हितं काय बी नाय. माजं नाव पारू हाय, माजी पिलं खोटं बोलत नाय."

"बघ," विठाबाई मुलाला म्हणाली. "खोलीत काय नाय. म्हंजे जे काय हाय ते हिच्यातच हाय."

चंद्रभागेनं पारूकडे बघितलं. रडली नाही. नुसतं बघितलं. पारू ते धापणारं पिलू फडक्यात घेऊन घरी आली, पण रात्री तिला भाकरी गिळवेना. नवरा कोंडीराम म्हणाला, "निकाल चांगला लागला ना? मंग तोंड का असं?" ती त्याच्यावर खेकसली आणि ताट सरकवून उठली.

शनिवारी पोशीरचा गोमा कोंडा न्यायला फार्मवर आला. त्याच्याकडून कळलं, बाळ पुन्हा खोकतंय, पहिल्यापेक्षा वाईट. उद्या रविवारी चंद्रभागेचा भाऊ येतोय तिला न्यायला. कायमची. "आणि प्वार?" पारूनं विचारलं. "प्वार हितंच," गोमा म्हणाला. "आजी सांभाळनार. आई नजरेआड झाली की बरं व्हईल म्हनते."

त्याच सकाळी ते तिसरं पिलू मेलं होतं. डॉक्टरांनी ते चिरलं. फुप्फुसावर पिवळे दाणे, खसखशीएवढे. पारूनं ते पहिल्यांदा चार वर्षांपूर्वी बघितले होते, विसरणं शक्यच नव्हतं.

"वाईट खोली आहे ही," डॉक्टर म्हणाले. "बाळाला बाहेर काढा म्हणावं लगेच."

"साहेब, हे खोलीतलं नाय. साक्षीचं हाय. माजघरातलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग बाळ माजघरात असतं का?"

"नाय."

दोघंही त्या पिलाकडे बघत राहिली. मांजर नव्हती, गारठा नव्हता. पारूनं मनाशी जुळवायला सुरुवात केली. त्या आठवड्यात खोलीतली पिलं बरी होती. बाळही बरं होतं. मरत होती ती माजघरातली. आता बाळ पुन्हा मरणाला टेकलंय. म्हणजे विष त्या आठवड्यात माजघरात गेलं होतं आणि मग परत आलं! पाय नसताना विष कसं चालेल? कुणीतरी उचलून नेलं, कुणीतरी उचलून आणलं. तिला रिकामा कोपरा आठवला, झटकन उचललेली टोपली आठवली, चंद्रभागेचं उघडून मिटलेलं तोंड आठवलं. "आगं माजे आये!" ती एवढ्यानं ओरडली की डॉक्टर दचकले. खोली साफ आहे असं छातीठोक सांगून तिनंच त्या पोरीला घराबाहेर काढलं होतं.

रविवारी सकाळी पोशीरच्या ओटीवर चंद्रभागेचा भाऊ मोरू बसला होता, मांडीवर बहिणीचं बोचकं घेऊन. मान खाली, चोरी केल्यासारखा. कमळाकर खांबाला टेकून उभा. आतून बाळाचा खोकला येत होता, आणि खोकल्यानंतरची ती शिट्टीसारखी घरघर. पारू आली ती थेट बाळाच्या खोलीत शिरली. चंद्रभागा बाळाला विठाबाईच्या हातात देत होती, पण हात सुटत नव्हते.

"थांबा," पारू म्हणाली. "काकी, मी पिलं ठेवली त्या आठवड्यात माजघरात काय आनून ठेवलं व्हतं?"

"काय आननार? काय नाय."

"माजी साक्षीची पिलं बुरशीनं मेली. डागदरांनी एक चिरून दाखवलं. मांजर नव्हती काकी. काय व्हतं माजघरात?"

"तुज्या बदकांचं पुराण बास झालं!" विठाबाई कडाडली. "तूच म्हनलीस ना खोली साफ हाय?"

"म्हनले. चुकले. मी जागा बघितली नाय, ही माजी चूक. आता बघनार."

विठाबाई बाळाला कवटाळून माजघराच्या दारात आडवी उभी राहिली. आणि तेव्हा पहिल्यांदा चंद्रभागेचा आवाज त्या घरात मोठ्यानं निघाला.

"माजघरात नका बघू, पारूबाय. ती परत हितं आनलीया." तिनं पलंगाच्या उशाकडे बोट दाखवलं. "लक्ष्मीची मुडी. तुमी यायच्या आदल्या दिवशी आत्यांनी ओढत माजघरात देवाखाली नेऊन ठेवली. तुमचा हात लागंल म्हनून."

ओटीवर मोरूनं बोचकं खाली ठेवलं आणि तो कमळाकरच्या मागोमाग खोलीत आला.

कोपऱ्यात, लुगड्याखाली झाकलेली, ती उभी होती. भाताची मुडी म्हणजे पेंढ्यात धान्य घट्ट गुंडाळून दोरीनं आवळलेली गोल मोट. आपल्याकडे बियाणं तसंच ठेवायची रीत. पण ह्या घरातली ही मुडी निराळी. विठाबाईच्या सासूच्या सासूनं बांधलेली, कधीच न सोडलेली. दर दसऱ्याला जुन्या पेंढ्यावरच नव्या भाताचा पेंढा गुंडाळायचा, हळदकुंकू लावायचं. होता होता ती बसलेल्या माणसाएवढी झाली होती. जुन्या घरात ती चुलीवरच्या माचावर असायची. दिवसरात्र धूर लागायचा, पेंढा खडखडीत वाळलेला असायचा. नव्या घरात स्टो आला. चूल गेली, धूर गेला, माच गेला. पुढच्या खोलीत ती नको, असं कमळाकर म्हणाला. मग विठाबाईनं तिला बाळाच्या खोलीत ठेवलं, पावसाच्या अंगाच्या ओल्या भिंतीला टेकून. वरून पिवळी, सोन्यासारखी दिसायची. घरात कुणी आजारी पडलं तर संशय सगळ्यांवर घेतील, देवावर कोण घेतं?

पारूच्या कानशिलात ठणका उठला होता. तुमचा हात लागेल म्हणून! पुढच्या दारानं आले म्हणून एवढी फुगले, आणि माझ्या पायाआधी ह्यांनी देव हलवला! तिला वाटलं, पाठ फिरवावी आणि चालतं व्हावं. खुशाल सांभाळा तुमची लक्ष्मी. तेवढ्यात बाळ पुन्हा खोकलं.

"मी हात नाय लावत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमची हाय, तुमीच सोडा. पन सोडा. आत्ता."

"सोडायची नसते ती," विठाबाई म्हणाली. "चार पिढ्यांत कुनी सोडली नाय. घरातून लक्ष्मी जाते."

"आई—" कमळाकर पुढं झाला.

त्याच्या आधी चंद्रभागा उठली होती. बाळ सासूच्या हातात तसंच सोडून ती स्वयंपाकघरात गेली आणि विळा घेऊन आली. माहेरी जायचं म्हणून नेसलेलं चांगलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. कुणाकडेही न बघता तिनं मुडीच्या दोरीत विळा घातला आणि ओढला. एक दोरी तुटली, दुसरी तुटली. वरचा पेंढा सुटला. मग आतला आला. करडा, मग काळा, चिकटून ढेकूळ झालेला. तिनं हात घालून ते ढेकूळ ओढलं तसा हिरवट-काळा धुरळा खोलीभर उठला. मोरू खोकायला लागला, कमळाकर खोकायला लागला.

"बाहेर! पोराला बाहेर काढा आधी!" पारू ओरडली. विठाबाई बाळाला छातीशी धरून ओटीवर धावली. कमळाकरनं तोंडाला फडकं बांधून सगळा पसारा घोंगड्यात गोळा केला आणि खाचरापलीकडच्या ओढ्याशी नेऊन टाकला. त्याच्या पावलांमागं घरभर काळी रेघ उमटली होती.

विठाबाई ओटीच्या कडेला बसली होती. बाळाकडे बघत होती. मग तिनं स्वतःचा उजवा तळहात उलटा करून बघितला.

"पारू," ती म्हणाली. "रोज दिवा लावला की मी मुडीवरनं हात फिरवायची, आणि तोच हात पोराच्या तोंडावरनं. लक्ष्मीचा आशीर्वाद म्हनून. ह्याला बी, आणि... पयल्याला बी." तिनं मान वर केली. "त्याला बी हिनंच नेलं काय गं?"

कमळाकर पारूकडे बघून मान हलवत होता. नको, नको सांगू. मोरू दुसरीकडे बघत होता. देवाला माहीत, असं म्हणून सुटता आलं असतं. त्या मुलासाठी कुणी पिलं ठेवली नव्हती, पुरावा नव्हता, हेही खरंच होतं. पण दारात चंद्रभागा उभी होती, कोपरापर्यंत हात काळे झालेली. एक वर्ष ती पोरं खाणारी म्हणून जगली होती. पारूला म्हातारीची दया आली, खरंच आली. जिनं तिचा हात विटाळ मानला, तिचीच दया आली. तरी तिनं डोळे वळवले नाहीत.

"व्हय, काकी," ती म्हणाली. "माजं मन सांगतंय, तिनंच."

विठाबाईनं डोळे मिटून घेतले. कमळाकरला वाटलं ती आता कोसळणार, तो धरायला पुढं झाला. पण ती उठली. कुंपणापलीकडे सोनुबाई आणि दोन-तीन शेजारणी हा आरडाओरडा ऐकून कधीच्या उभ्या होत्या. विठाबाई त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका गं. आमचं पयलं प्वार माज्या हातानं गेलं. सुनेचा दोष नाय. मी तिला पांढऱ्या पायाची म्हनले, तुमाला बी म्हनायला लावलं. ती नव्हती तशी. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

आणि दारातल्या चंद्रभागेच्या तोंडून असा हंबरडा फुटला की सोनुबाईनं कानावर हात ठेवले. पहिलं मूल गेलं तेव्हा तिला कुणी रडू दिलं नव्हतं. खाणारीनं रडायचं कसलं, असं तेव्हा ऐकवलं होतं. आता ती भिंतीला धरून खाली बसली आणि त्या मुलाच्या नावानं रडायला लागली, काळ्या हातांनी स्वतःचं तोंड झाकून. विठाबाईला तिच्याकडे जायचं होतं, दोन्ही हातांनी तिला धरायचं होतं. हात रिकामे नव्हते. तिनं इकडेतिकडे बघितलं नाही, विचार केला नाही. शेजारी पारू होती. तिनं बाळ पारूच्या ओंजळीत ठेवलं आणि सुनेकडे धावली.

पारू तशीच उभी राहिली. पोरगं हलकं होतं, गरम होतं, आणि तिच्या पदराचा काठ मुठीत धरून होतं. तिनं त्याच्या छातीला कान लावला. घरघर होती, पण खालपर्यंत श्वास जात होता. तिनं दोनदा ऐकलं, खात्री करून घेतली.

"हे जगनार," ती मोरूला म्हणाली. "ती भिंत कोरडी हुईस्तोवर ह्याला हितं ओटीवरच झोपवायचं. आनि ते बोचकं आत नेऊन ठेव बहिनीचं."

मोरूनं बोचकं उचललं आणि आत नेलं.